एकोणीस एकांची मूळ संख्या

११,११,११,११,११,११,११,११,१११ ही १ हा अंक एकोणीस वेळा लिहून मिळणारी संख्या मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही नैसर्गिक संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. केवळ १ याच अंकाने बनलेल्या संख्यांना गणितात 'रिप्युनिट' म्हणतात. हे नाव १९६० च्या दशकात अल्बर्ट बायलर यांनी रूढ केले. त्यातील अंकांच्या संख्येवरून प्रस्तुत संख्या आर-१९ अशी लिहिली जाते. अशा संख्यांपैकी सर्वांत लहान मूळ संख्या ११ (आर-२) ही असून तिच्यानंतरची मूळ संख्या थेट आर-१९ हीच आहे. ती मूळ असल्याची सिद्धता ऑस्कर हॉपे यांनी दिली व ती १९१८ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे मान्य झाली. देवळाली येथील शिक्षक-गणिती द. रा. कापरेकर यांनी ज्या तीन विषयांचा ध्यास घेतला, म्हणजे डेम्लो संख्या, आवर्ती दशांश आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या, त्या तिन्ही विषयांशी या संख्येचा संबंध पोहोचतो.

महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत 'मूळ संख्या' ही संज्ञा वापरली जाते, तर काही मराठी ग्रंथांत तिलाच 'अविभाज्य संख्या' म्हटले आहे. प्रस्तुत लेखात पहिली संज्ञा वापरली आहे.

वाचन

बोलीभाषेत ही संख्या अकरा हजार एकशे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा अशी वाचावी लागते. 'कोटी' हा शब्द दोनदा उच्चारल्याविना गत्यंतर नाही, कारण कोटीच्या वरची जुनी स्थाननामे, अब्जाचा अपवाद सोडल्यास, व्यवहारातून लोपली आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आर-१९ मध्ये एकोणीस अंक असल्याने तिचा डावीकडील पहिला एक परार्धाच्याही पुढच्या स्थानी बसतो. लीलावतीतील सर्व स्थाने भरून वर एक अंक उरतो, असेही म्हणता येईल. परंपरेच्या रीतीने तिचा आरंभ 'अकरा परार्ध' असा करावा लागेल.

संक्षेपाने ही संख्या (१०^१९ − १) ÷ ९ अशी लिहितात. १०^१९ म्हणजे एकावर एकोणीस शून्ये. त्यातून १ वजा केल्यास एकोणीस नऊ मिळतात व त्यांना ९ ने भागल्यास एकोणीस एक मिळतात.

अंकांची संख्या मूळ असणे

एकांची संख्या संयुक्त असेल, तर मिळणारी संख्याही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, सहा एकांची संख्या १,११,१११ ही दोन-दोन एकांच्या तीन गटांत मांडता येते, म्हणून तिला ११ ने भाग जातो आणि भागाकार १०,१०१ येतो. तिचीच तीन-तीन एकांच्या दोन गटांत मांडणी केल्यास १११ ने भाग जातो व भागाकार १,००१ येतो. त्यामुळे चार, सहा, आठ, नऊ, दहा एकांच्या संख्या तपासण्याचे कारणच उरत नाही. मूळ संख्येची अपेक्षा फक्त २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ अशा संख्येने एक लिहिलेले असतील तेथेच धरता येते.

परंतु याचा व्यत्यास खरा नाही, आणि विद्यार्थ्यांची गफलत बहुधा येथेच होते. एकांची संख्या मूळ असली म्हणजे मिळणारी संख्या मूळ असतेच असे नाही. उलट तसे क्वचितच घडते. १११ म्हणजे ३ × ३७. ११,१११ म्हणजे ४१ × २७१. सात एकांची संख्या २३९ × ४,६४९ अशी फुटते. अकरा एकांची संख्या २१,६४९ × ५,१३,२३९ अशी, तर तेरा एकांची ५३ × ७९ × २६,५३,७१,६५३ अशी फुटते. सतरा एकांच्या संख्येचा लहान अवयवच वीस लाखांच्या वर आहे. ती संख्या २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७ एवढी होय. लहान विभाजक सापडत नाहीत एवढ्यावरून संख्या मूळ ठरवणे किती धोक्याचे आहे, हे या सतरा एकांच्या उदाहरणावरून दिसते. एकोणीस एकांच्या बाबतीत म्हणूनच अंदाज पुरेसा नव्हता, सिद्धता आवश्यक होती.

विभाजकांचा शोध

एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. आर-१९ चे वर्गमूळ सुमारे १,०५,४०,९२,५५३ आहे. म्हणजे शाळेत शिकवलेल्या सरळ रीतीने जावयाचे तर १०५ कोटींपर्यंतच्या विभाजकांनी भागून पाहावे लागेल. सम संख्या गाळल्या तरी बावन्न कोटींहून अधिक भागाकार उरतात. हे काम हाताने होण्यासारखे नाही. सुदैवाने या संख्येची घडणच अशी आहे, की बहुतेक विभाजक न तपासता बाद होतात.

समजा, प ही मूळ संख्या आर-१९ ची विभाजक आहे. मग १०^१९ − १ या संख्येलाही प ने भाग जातो, म्हणजेच १०^१९ ला प ने भागल्यास बाकी १ उरते. आता १०, १००, १,००० अशा दहाच्या घातांना क्रमाने प ने भागत गेल्यास बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. १ ही बाकी प्रथम ज्या घातांकाला मिळते, त्याला या चक्राची लांबी म्हणू. पुढेही १ ही बाकी फक्त त्या लांबीच्या पटीतील घातांकांनाच मिळते. येथे १९ या घातांकाला १ ही बाकी मिळते, म्हणून चक्राची लांबी १९ ची विभाजक असली पाहिजे. १९ ही स्वतः मूळ संख्या असल्याने लांबी एक तर १ किंवा १९ असेल. लांबी १ असेल तर १० − १, म्हणजे ९ ला प ने भाग जाईल आणि प ची किंमत ३ असेल. परंतु आर-१९ च्या अंकांची बेरीज १९ आहे व तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा लांबी १९ च होय.

यापुढची पायरी फर्माच्या प्रमेयाची. त्यानुसार १०^(प − १) या घातालाही प ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून प − १ या संख्येला १९ ने भाग जातो. प विषम असल्याने प − १ सम आहे. दोन्ही अटी एकत्र केल्यास प − १ ही ३८ ची पट ठरते. सारांश, आर-१९ ला मूळ विभाजक असलाच तर तो ३८ च्या एखाद्या पटीहून १ ने अधिक असला पाहिजे. हाच नियम धाकट्या भावंडांवर पडताळून पाहता येतो. सात एकांच्या संख्येचे अवयव १४ च्या पटीहून १ ने अधिक हवेत, आणि २३९ = १४ × १७ + १, ४,६४९ = १४ × ३३२ + १ असे ते आहेतच. सतरा एकांच्या बाबतीत २०,७१,७२३ = ३४ × ६०,९३३ + १.

या एका चाळणीने १०५ कोटींचे २ कोटी ७७ लाख होतात. दुसरी चाळणी गाउसने सिद्ध केलेल्या वर्गबाकीच्या नियमातून मिळते. १०^१९ ची बाकी १ असल्यामुळे १०^२० ची बाकी १० येते. १०^२० हा १०^१० चा वर्ग आहे. म्हणजे प ने भागताना १० ही एखाद्या वर्गाची बाकी असली पाहिजे, आणि हे फक्त काही विशिष्ट मूळ संख्यांनाच शक्य असते. त्या संख्यांना ४० ने भागल्यास १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ हीच बाकी उरते. या अटीनंतर तपासायच्या संख्या सुमारे १ कोटी ११ लाख राहतात. कल्पनेला आधार म्हणून असे म्हणता येईल, की २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. जिल्ह्यातील लहानथोर सर्वांना हे काम वाटून दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच भागाकार येतील. त्यातूनही संयुक्त संख्या काढून टाकल्यास खरोखर तपासण्याजोग्या मूळ संख्या सुमारे १५ लाख उरतात.

प्रत्यक्ष चाळणी कशी चालते हे आरंभीच्या काही संख्यांवरून कळते. ३८ च्या पटीहून १ ने अधिक असलेल्या संख्या ३९, ७७, ११५, १५३, १९१, २२९ अशा पुढे जातात. पहिल्या चार संयुक्त आहेत. १९१ ही मूळ आहे आणि तिला ४० ने भागल्यास बाकी ३१ उरते, म्हणून ती उमेदवार ठरते. २२९, ४१९, ४५७, ५७१ आणि ६४७ या मूळ असूनही दुसऱ्या चाळणीत गळतात. यानंतरचा उमेदवार ७६१ हा होय. म्हणजे सातशेपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांपैकी केवळ १९१ हीच तपासायची राहते. तिची तपासणी कागदावर सहज होते. १०^३ ला १९१ ने भागल्यास बाकी ४५, त्याचा वर्ग करून १०^६ ची बाकी ११५, पुन्हा वर्ग करून १०^१२ ची बाकी ४६, या दोहोंच्या गुणाकारावरून १०^१८ ची बाकी १३३ आणि अखेर १०^१९ ची बाकी १८४ येते. ती १ नाही, म्हणून १९१ बाद. एकोणीस अंकी संख्येला भागण्याची आवश्यकताच पडत नाही. तीन अंकी संख्यांच्या गुणाकारांवर काम भागते, ही या रीतीची खुबी आहे.

हॉपे यांची सिद्धता

इंग्लंडमधील प्रसिद्ध कोडेकार हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'द कँटरबरी पझल्स' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचा प्रश्न निघाला होता. न्यूयॉर्क येथील ऑस्कर हॉपे हे त्या पुस्तकाचे वाचक. प्रस्तावनेतील विधानावरून त्यांनी एकोणीस एकांची संख्या हाती घेतली आणि दीर्घ, कंटाळवाण्या आकडेमोडीनंतर ती मूळ असल्याचे सिद्ध केले. त्यांनी ही सिद्धता लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे पाठवली. सोसायटीने नेमलेल्या खास समितीने ती निर्णायक म्हणून स्वीकारली, आणि ड्यूडनी यांनी पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत या घटनेची नोंद घेतली.

त्या काळी साधने कोणती होती हे लक्षात घेतल्यास या कामाचे मोल कळते. अमेरिकी गणिती डी. एन. लेहमर यांनी १९१४ साली छापलेली मूळ संख्यांची यादी एक कोटीच्या किंचित पुढे जाऊन थांबत होती. आर-१९ साठी लागणारी मर्यादा त्याच्या शंभरपटीहून अधिक होती. विद्युत संगणक अद्याप जन्माला यायचे होते. शिवाय संख्या संयुक्त असेल तर एक विभाजक दाखवून काम संपते व तो कोणालाही ताडून पाहता येतो. ती मूळ आहे असे म्हणणाऱ्याला मात्र एकही विभाजक निसटला नाही याची खात्री इतरांना पटवावी लागते. समिती नेमण्याचे प्रयोजन यातूनच उमजते.

एकने कमी असलेली संख्या

विभाजक न शोधताही संख्या मूळ असल्याचे सिद्ध करता येते, आणि आर-१९ या दृष्टीने फार सोयीची आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा कसोटीचा पाया घातला. तपासायच्या संख्येतून १ वजा करून आलेल्या संख्येचे सर्व मूळ अवयव ठाऊक असावेत, ही तिची अट. मग एखादी संख्या अ अशी शोधायची, की 'तपासायची संख्या वजा १' एवढ्या घातापर्यंत अ ला नेल्यास बाकी १ यावी. परंतु त्या घातांकाला त्याच्या कोणत्याही मूळ अवयवाने भागून आलेल्या घातांकाला मात्र बाकी १ येऊ नये. असा अ सापडला की संख्या मूळ ठरते.

११ या संख्येवर ही कसोटी चटकन लावता येते. ११ − १ = १० आणि १० चे मूळ अवयव २ व ५. अ = २ घेऊ. २^१० म्हणजे १,०२४, त्याला ११ ने भागल्यास बाकी १. २^५ म्हणजे ३२ ची बाकी १०, आणि २^२ ची बाकी ४. दोन्ही १ नाहीत, म्हणून ११ मूळ.

सर्वसाधारण मोठ्या संख्येच्या बाबतीत १ वजा केलेल्या संख्येचे अवयव पाडणे हेच कठीण होऊन बसते. आर-१९ मधून १ वजा केल्यास मात्र अठरा एक व अखेरीस शून्य उरते, म्हणजे १० × आर-१८. अठरा ही संयुक्त संख्या असल्याने आर-१८ चे अवयव सहज पडतात. तिचा एक भाग नऊ एकांची संख्या (३ × ३ × ३७ × ३,३३,६६७) आणि दुसरा १००,००,००,००१ (७ × ११ × १३ × १९ × ५२,५७९). त्यामुळे आर-१९ − १ चे भिन्न मूळ अवयव २, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७ असे दहाच आहेत. प्रत्येक घात वर्ग करत करत साठेक पायऱ्यांत काढता येतो. म्हणून योग्य अ हाती आला की सुमारे हजार गुणाकारांत सिद्धता पूर्ण होते. कोट्यवधी भागाकारांच्या जागी हजार गुणाकार, हा फरक निव्वळ विचाराने पडलेला आहे.

आवर्ती दशांश

१ ला आर-१९ ने भागल्यास ०.०००००००००००००००००० असे अठरा शून्यांनंतर ९ हा अंक येतो आणि हा एकोणीस अंकांचा गट अखंड पुन्हा पुन्हा येत राहतो. आवर्तनाची लांबी १९ असलेली आर-१९ ही एकमेव मूळ संख्या आहे. कारण १०^१९ − १ या संख्येला ३ आणि आर-१९ यांखेरीज अन्य मूळ अवयव नाही व ३ चे आवर्तन एकाच अंकाचे असते. असे एकटेपण थोड्याच मूळ संख्यांना लाभते. एका अंकाचे आवर्तन फक्त ३ ला, दोन अंकांचे फक्त ११ ला, तीन अंकांचे फक्त ३७ ला आणि चार अंकांचे फक्त १०१ ला आहे. पाच अंकांचे आवर्तन मात्र ४१ व २७१ या दोघींत, तर सहा अंकांचे ७ व १३ या दोघींत वाटले गेले आहे.

डेम्लो संख्या व कापरेकर संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवून, १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचे नाव जगभर झाले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर परदेशी गणितींचे लक्ष विशेषत्वाने त्यांच्याकडे वळले. पदव्युत्तर संशोधनाचे पाठबळ नसलेल्या या शिक्षकाची निम्मीअधिक निर्मिती अंकांच्या मांडणीतील सौंदर्यावर उभी आहे. आवर्ती दशांशांच्या चक्रांवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती.

एकांच्या संख्यांचे वर्ग हा त्यांच्या आवडीचा विषय. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, १,१११ चा १२३४३२१ असे करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. या वर्गांना त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरील मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून हे नाव. त्यांच्या मते डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात आणि पहिल्या व शेवटच्या भागाची बेरीज केली की मधल्या भागातील अंकच पुन्हा पुन्हा मिळतो. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मधला अंक ३.

नऊ एकांच्या पुढे वर्ग करताना हातचे येऊ लागतात आणि चढत्या-उतरत्या अंकांचा हा डौल मोडतो. आर-१९ चा वर्ग सदतीस अंकी आहे:

१२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१

येथे ८ चढत्या क्रमातून आणि १ उतरत्या क्रमाच्या मध्यातून नाहीसा झालेला दिसतो. तथापि एक रचना मोडून दुसरी प्रकट झाली आहे. या वर्गाचे उजवीकडील एकोणीस अंक वेगळे काढले, तर डावीकडे १२३४५६७९०१२३४५६७९० आणि उजवीकडे ०९८७६५४३२०९८७६५४३२१ असे दोन भाग मिळतात. त्यांची बेरीज केल्यास एकोणीस एक येतात, म्हणजे आर-१९ ही संख्याच परत हाती लागते.

ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून बेरीज घेतल्यास मूळची संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ व २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५ व ३० + २५ = ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९ व ४९४ + २०९ = ७०३. ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९ अशा या संख्यांकडे पाहिले, तर १ वगळता दहा हजारांपर्यंतची प्रत्येक कापरेकर संख्या संयुक्त असल्याचे दिसते. आर-१९ मात्र कापरेकर संख्याही आहे आणि मूळ संख्याही.

याचे कारण गूढ नाही. वर्गाचा डावा भाग ड आणि उजवा भाग उ मानल्यास वर्ग म्हणजे ड × १०^१९ + उ. त्यातून ड + उ वजा केल्यास ड × (१०^१९ − १) उरते, आणि १०^१९ − १ म्हणजे नऊ गुणिले आर-१९. दुसरीकडे, कोणत्याही संख्येच्या वर्गातून तीच संख्या वजा केल्यास ती संख्या गुणिले तिच्याहून १ ने कमी असलेली संख्या एवढे उरते. तेव्हा आर-१९ मधून १ वजा करून ९ ने पूर्ण भाग जात असेल, तरच हा मेळ बसतो. अंकांची बेरीज १९, त्यातून १ गेल्यावर १८, म्हणून भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९०१२३४५६७९० येतो, जो वर्गाचा डावा भागच आहे. २, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या मूळ संख्यांना हे साधत नाही, कारण त्यांतील एकांच्या संख्येला ९ ने भागल्यास बाकी १ उरत नाही.

क्रमनिरपेक्षता

काही मूळ संख्यांच्या अंकांचा क्रम कसाही बदलला तरी त्या मूळच राहतात. १३ आणि ३१, किंवा १९९, ९१९ आणि ९९१ ही अशा संख्यांची उदाहरणे. तीन अंकांपलीकडे अशा ज्या संख्या ज्ञात आहेत त्या सर्व एकांच्याच आहेत, आणि त्यांचा क्रम बदलण्यासारखे काही नसतेच. ९९१ नंतरची अशी पहिली संख्या आर-१९ होय.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. वर्गाची रचना आणि क्रमनिरपेक्षता हे गुण दशमान लेखनाशी बांधलेले आहेत. द्विमान पद्धतीत हीच संख्या साठ अंकांनी लिहावी लागते आणि तिच्यात एकांची रांग दिसत नाही. मूळ असणे मात्र लेखनावर अवलंबून नाही.

संगणकावरील हाताळणी

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये ही संख्या भरल्यास पहिले पंधरा अंक राहतात आणि शेवटच्या चार एकांच्या जागी शून्ये येतात. मग तो पडदा तिला सम संख्या ठरवतो. दोष संख्येचा नसून तेथे पंधराच सार्थ अंक राखले जातात, याचा आहे. पायथॉनसारख्या संगणकीय भाषेत पूर्णांक अचूक राहतात, आणि ३८ च्या पटीहून १ ने अधिक असलेल्या विभाजकांची वर दिलेली संपूर्ण तपासणी घरच्या संगणकावर अल्प वेळात होते.

पुढील संख्या

तेवीस एकांची संख्याही मूळ आहे. ती सिद्धता १९२९ च्या सुमारास मॉरिस क्राइचिक आणि डी. एच. लेहमर यांनी दिली. यानंतर ३१७ एकांची संख्या येते. ती मूळ असल्याचे ह्यू विल्यम्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, आणि १०३१ एकांच्या संख्येची सिद्धता विल्यम्स व हार्वी डब्नर यांनी १९८६ साली दिली. पुढची मजल गाठण्यास बराच काळ लागला. ४९,०८१ एकांच्या संख्येची सिद्धता २०२२ मध्ये आणि ८६,४५३ एकांच्या संख्येची २०२३ मध्ये पूर्ण झाली. त्याहून कितीतरी लांब, ५७,९४,७७७ आणि ८१,७७,२०७ एकांच्या संख्या 'संभाव्य मूळ' म्हणून २०२१ मध्ये पुढे आल्या. संभाव्य मूळ म्हणजे फर्माच्या प्रमेयासारख्या कसोट्यांना उतरलेली, परंतु काटेकोर सिद्धता नसलेली संख्या. केवळ एकांनी बनलेल्या मूळ संख्या अनंत आहेत की त्यांची यादी कोठेतरी संपते, हा प्रश्न अनिर्णित आहे.